उंदराचं निदान नवऱ्याला लावू नका

पत्र थोडक्यात असं आहे:

"मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प मधुमेही उंदरांवर आहे. नर विस्टर उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह करायचा, एका गटाला मेथीच्या बियांचा अर्क द्यायचा आणि आठ आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन, शुक्राणूंची संख्या, वृषणांचं वजन बघायचं. पहिली बॅच झाली. अर्क न दिलेल्या मधुमेही गटाचे आकडे बघून माझी झोप उडाली आहे. माझे मिस्टर ३३ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, मागचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ९.४ आलं होतं. गोळ्या घेतात, पण मधेच सोडतात. तसे बारीक आहेत, फक्त पोट सुटलंय. लग्नाला अडीच वर्षं झाली, दीड वर्ष आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. घरी त्यांची शुगर मीच बघते, आणि हल्ली त्यांच्या बोटातून थेंब काढताना मला उंदराच्या शेपटीतला थेंब आठवतो. सासूबाई मलाच डॉक्टरकडे चल म्हणतात. जिममधल्या ट्रेनरने मिस्टरांना टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलंय, ताकद येईल आणि मूलही होईल म्हणून. त्यापेक्षा आमचा अर्कच द्यावा असं मला वाटतं, कारण उंदरांत फरक दिसतोय. त्यांना काय सांगू? ते कायमचे नापीक झाले असतील का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. ३३ वर्षांचा, टाइप २ मधुमेह असलेला पुरुष केवळ त्या मधुमेहामुळे कायमचा वंध्य झाला असेल, असं मानायला आधार नाही. दीड वर्ष प्रयत्न करून दिवस राहिलेले नाहीत, म्हणजे तपासण्या मात्र करायलाच हव्यात, त्याही दोघांच्या. आणि ते इंजेक्शन घेऊ नका, हे त्यांना आजच सांगा. कारण पुढे सविस्तर लिहिते.

आता तुमच्या उंदरांकडे येऊ, कारण भीती तिथून आली आहे आणि तिथेच ती नीट उकलता येईल.

तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या नर उंदरांत टेस्टोस्टेरॉन उतरतं, एलएच हे वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं संप्रेरक उतरतं, वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लेडिग पेशी घटतात, एपिडिडिमिस या शुक्राणू साठवणाऱ्या नळीतले शुक्राणू कमी होतात आणि मंदावतात, नराचं मादीकडचं लक्ष कमी होतं, पिल्लांची संख्या घसरते. कित्येक देशांतल्या प्रयोगशाळांनी गेल्या काही दशकांत हे पुन्हा पुन्हा नोंदवलंय. विच्छेदन करताना सेमिनल व्हेसिकल, म्हणजे वीर्यातला द्रव बनवणाऱ्या ग्रंथी, तुमच्या हातात आली असतील. निरोगी नरात ती टरारून फुगलेली, दाट पांढऱ्या स्रावाने भरलेली असतात. मधुमेही नरात चपटी पडतात, चिमट्यात धरली तरी वजन जाणवत नाही. ही ग्रंथी टेस्टोस्टेरॉनवर जगते. उंदराचं टेस्टोस्टेरॉन दिवसभर वरखाली होत असतं, त्यामुळे रक्ताचा एक नमुना त्या घटकेपुरतंच सांगतो. सेमिनल व्हेसिकलचं वजन मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशोब देतं. म्हणून तुमच्या तक्त्यात टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यांत खूप पसारा असला तरी या वजनात फरक ठळक दिसला असेल, आणि तो बघून तुम्ही धसकला असाल तर त्यात नवल नाही.

पण हा मधुमेह कसा केलाय ते आठवा. स्ट्रेप्टोझोटोसिन हे मूळचं मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून काढलेलं प्रतिजैविक. त्याने प्राण्यांना मधुमेह होतो हे १९६३ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या रेणूत ग्लुकोजचा तुकडा आहे, त्यामुळे ते ग्लूट-२ या वाहकातून इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत शिरतं आणि तिथे गेल्यावर डीएनए मोडतं. तुम्ही ते थंडगार सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ ठेवून विरघळवता आणि घाईने टोचता, कारण ते फार वेळ टिकत नाही. पहिल्या रात्री पिण्याच्या पाण्यात साखर घालून ठेवता, कारण मरणाऱ्या बीटा पेशी साठवलेलं इन्शुलिन एकदम सोडतात आणि शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. तिसऱ्या दिवशी ग्लुकोमीटरवर २५०च्या वर आकडा आला की उंदीर गटात घेता. पुढे तो आकडा बहुतेक ४००-५००वर जातो. उंदीर दिवसाला शंभर मिलिलिटरच्या वर पाणी पितो, भुसा सारखा ओला होतो, पिंजरा रोज बदलावा लागतो, शेजारच्या निरोगी गटाचं वजन वाढत असताना याचं घटत जातं. आणि आठ आठवडे त्याला इन्शुलिनचा एक थेंबही मिळत नाही.

माणसात याच्या सर्वांत जवळचं चित्र म्हणजे टाइप १ मधुमेहाचा, इन्शुलिन अजिबात न मिळालेला रुग्ण. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्शुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशी मुलं वाचत नसत. तुमच्या मिस्टरांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन बनतंय. ते पुरेसं लागू पडत नाही, गरजेपेक्षा कमी पडतं, पण आहे. दोन्ही आजारांना आपण मधुमेह म्हणतो, म्हणून दोन्हींचे परिणाम एकाच मापाचे होत नाहीत.

आणखी दोन गोष्टी तुमच्या मार्गदर्शकांना जरूर विचारा, कारण त्यांवाचून तुमचे आकडे नीट वाचताच येणार नाहीत. पहिली, इन्शुलिन दिलेला मधुमेही गट ठेवलाय का? स्ट्रेप्टोझोटोसिन यकृत आणि मूत्रपिंडालाही इजा करतं. मग वृषणात दिसलेलं नुकसान किती साखरेमुळे आणि किती औषधाच्या विषारीपणामुळे, हे इन्शुलिन गटाशिवाय सांगता येत नाही. इन्शुलिन दिल्यावर जे सावरतं ते मधुमेहाच्या खात्यात टाकता येतं. दुसरी, वजनाचं काय केलंय? तुमचा मधुमेही उंदीर भरपूर खातो आणि तरीही उपाशी असतो, कारण खाल्लेलं लघवीवाटे जातं. उपाशी नराचं टेस्टोस्टेरॉन मधुमेह नसतानाही उतरतं. शरीरात ऊर्जा नसली की मेंदू प्रजननाचं काम आधी थांबवतो. याच कारणाने काही संशोधक निरोगी उंदरांचा आणखी एक गट ठेवतात आणि त्यांना मोजकं खाणं देऊन त्यांचं वजन मधुमेही गटाइतकं खाली आणतात.

मेंदूचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण तुमच्या पत्रात सगळं लक्ष वृषणावर आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने जीएनआरएच हे संप्रेरक सोडतो, त्याने मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं येतात, एलएचवर लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉनच्या आधारावर सर्टोली पेशींच्या देखरेखीखाली शुक्राणू घडतात. मधुमेही उंदरात टेस्टोस्टेरॉन कमी असतं तेव्हा एलएच वर जायला हवं होतं, ते जात नाही, उलट कमीच राहतं. याचा अर्थ दोष निदान काही अंशी वरून येतोय.

यावरचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग २०१२ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. तो अकिता जातीच्या छोट्या उंदरांवर होता. या उंदरांत इन्शुलिनच्या जनुकातच बिघाड असतो, म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिनच्या विषारीपणाचा प्रश्नच नाही. दोन्ही जनुकं बिघडलेले नर वंध्य निघाले, त्यांची वृषणं खालावलेली होती. मग त्यांना इन्शुलिन देण्यात आलं. एलएच आणि टेस्टोस्टेरॉन सावरलं, शुक्राणू पुन्हा तयार झाले आणि ते नर बाप झाले. इन्शुलिन वृषणावर थेट काम न करता मेंदू-पिट्युटरीच्या मार्गाने हे घडवतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्थूल आणि मधुमेही असलेल्या ओबी-ओबी उंदरांची गोष्टही अशीच आहे. त्यांच्यात लेप्टिन हे चरबीतून येणारं संप्रेरक नसतं, नर वंध्य असतात, आणि १९९० च्या दशकात त्यांना बाहेरून लेप्टिन दिल्यावर ते पिल्लांचे बाप झाले.

हे मी लांबवून सांगतेय, कारण तुमच्या मनात "कायमचे" हा शब्द बसलाय. उंदरांवरचं संशोधन नीट वाचलं तर तेच या शब्दाच्या विरोधात साक्ष देतं. तुमच्या आठ आठवडे मधुमेही ठेवलेल्या उंदरात दिसतो तो उपचार न झालेला मधुमेह. उपचार मिळालेल्या मधुमेहाबद्दल तो काहीच सांगत नाही, कारण त्याला उपचार दिलेलाच नाही.

आता माणसांकडे वळू. इथे मी फक्त गोड सांगणार नाही.

टाइप २ मधुमेहाच्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणं ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. २००४ साली अमेरिकेतल्या बफेलोमधून १०३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात साधारण एक तृतीयांश पुरुषांचं मुक्त टेस्टोस्टेरॉन कमी होतं, आणि एलएच जेवढं वाढायला हवं तेवढं वाढलेलं नव्हतं. म्हणजे पुन्हा वरूनच येणारा संदेश कमी. यात पोटाच्या चरबीचा मोठा हात असतो, आणि "बारीक आहेत, फक्त पोट सुटलंय" हे तुमचं वाक्य म्हणूनच मला खटकलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांची हीच ठेवण जगापुढे मांडली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटनमधल्या त्यांच्या सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा तुमच्या मिस्टरांचं वजन बघू नका, बेंबीच्या पातळीवर टेप लावा. ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर तिथूनच काम सुरू करायचं आहे. पोट उतरलं की टेस्टोस्टेरॉन बऱ्याच पुरुषांत आपणहून वर येतं.

शुक्राणूंचं म्हणाल तर चित्र जरा वेगळं आहे. २००७ साली बेलफास्टच्या संशोधकांनी इन्शुलिनवर असलेल्या २७ मधुमेही पुरुषांच्या वीर्याची तुलना मधुमेह नसलेल्या २९ जणांशी केली. मधुमेहींत वीर्याचं प्रमाण कमी भरलं, पण शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांत ठळक फरक नव्हता. फरक आत होता. शुक्राणूंमधला तुटलेला डीएनए मधुमेहींत सरासरी ५३ टक्के आणि इतरांत ३२ टक्के. साखर सतत जास्त राहिली की ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंचा मारा, वाढतो आणि शुक्राणूकडे दुरुस्तीची सोय जवळजवळ नसते. साध्या तपासणीत हे कळत नाही. म्हणून रिपोर्ट "नॉर्मल" आला तरी ९.४ हे एचबीएवनसी तसंच सोडून चालणार नाही.

आणि एक बाब अशी आहे की तिथे माणूस उंदरापेक्षा नाजूक ठरतो. उंदराकडे शुक्राणूंचा प्रचंड साठा असतो. संख्या खूप घटली तरी तो पिल्लं देत राहतो. माणसाकडे एवढी शिल्लक नसते. त्यामुळे घबराट नको आणि दुर्लक्षही नको.

उंदराला विचारता येत नाहीत असे दोन प्रश्न मिस्टरांना विचारायचे आहेत, आणि ते तुम्हालाच प्रेमाने विचारावे लागतील. पहिला, ताठरपणा येतो का आणि टिकतो का? मधुमेहात रक्तवाहिन्या आणि नसा दोन्हींवर परिणाम होतो, आणि तिशीतल्या पुरुषातही ही तक्रार असू शकते. ते बोलत नसतील, थकलोय म्हणून कूस बदलत असतील. तुम्ही पत्रात याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारतेय. दुसरा, वीर्य अगदीच थोडं येतं का, किंवा कळस होऊनही कोरडं राहतं का, आणि नंतरची लघवी गढूळ दिसते का? मधुमेहाने मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूची नस दुबळी झाली तर वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. शुक्राणू उत्तम असतात, फक्त वाट चुकतात. संबंधानंतरची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की निदान होतं. काहींना गोळीने फरक पडतो, नाहीतर लघवीतून शुक्राणू वेगळे करून गर्भाशयात सोडता येतात. कित्येक जोडपी हे माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं देवदेव करत बसतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिलं.

आता इंजेक्शन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आता काही पाठवायची गरज नाही. एलएच आणि एफएसएच बंद होतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन दिसतं, दंड फुगतात, पण शुक्राणू घडायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागते, आणि ती कोसळते. शुक्राणू घटत घटत शून्यावर येऊ शकतात. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिलं होतं, आणि ते दिलं होतं ते संततिनियमनासाठी. सहा महिन्यांच्या आत निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. मूल हवं असलेल्या माणसाला तुमचा ट्रेनर गर्भनिरोधक सुचवतोय. त्याला हे ठाऊक नसेल, पण नुकसान तेवढंच होईल. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, मात्र त्याला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. तुम्ही फार्मसीच्या आहात. हे तुमच्या तोंडून गेलं तर ते ऐकतील. टेस्टोस्टेरॉन खरंच कमी निघालं आणि मूलही हवं असेल, तर शरीराचं स्वतःचं एलएच वाढवणारी किंवा एलएचसारखं काम करणारी औषधं आहेत. ती संप्रेरकांचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट किंवा पुरुष वंध्यत्वाचं काम करणारे यूरोलॉजिस्ट ठरवतील.

तुमच्या अर्काबद्दल तुम्हाला वाईट वाटेल असं थोडं लिहावं लागतंय. अर्क दिलेल्या गटात शुक्राणू वाढले हे मी मानते. पण त्याच गटाची शुगरही उतरली असणार. शुगर उतरली की वजन सावरतं, एलएच सावरतं, ऑक्सिडेटिव्ह ताण कमी होतो, आणि शुक्राणू मागोमाग येतात. अशा वेळी अर्काने वृषणावर काही वेगळं काम केलं असं म्हणता येत नाही. तेवढीच शुगर इन्शुलिनने उतरवली असती तर काय झालं असतं, हे आधी बघायला हवं. शिवाय मात्रेचा हिशोब करून बघा. समजा उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम दिलंत. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रचलित सूत्राने माणसासाठी त्याला ६.२ ने भागायचं, म्हणजे किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला दिवसाला साडेचार ग्रॅम सुका, आटवलेला अर्क. त्यात कुठलं द्रावक उरलंय, जड धातू किती, गोळ्यांबरोबर घेतला तर शुगर किती खाली जाईल, यातलं काहीही तपासलेलं नाही. प्रयोगशाळेच्या फ्रीजमधली बाटली घरी आणू नका. मेथीची भाजी करा, भिजवलेले मेथीदाणे द्या, मोड आणून उसळ करा. त्यात फायबर आहे, जेवणानंतरची शुगर थोडी कमी चढते, पोट भरल्यासारखं राहतं. एवढ्यावर मेथीचं काम संपलं. बाजारात शुक्राणू वाढवणारी म्हणून डब्यातून विकली जाणारी चूर्णं तर मुळीच नकोत.

गोळ्यांचं: तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की वडिलांनी मेटफॉर्मिन घेतलं तर बाळात व्यंग येतं. २०२२ साली डेन्मार्कच्या नोंदींवरून तसा एक निष्कर्ष आला होता. २०२४ मध्ये नॉर्वे आणि तैवानच्या खूप मोठ्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा तो धोका दिसला नाही. मिस्टर गोळ्या मधेच सोडतात त्यामागे अशी काही ऐकीव भीती आहे का ते विचारा. गोळ्या बंद करून वाढलेली शुगर शुक्राणूंना नक्कीच जास्त घातक आहे.

तपासण्या अशा करा. मिस्टरांची वीर्यतपासणी, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता, शक्यतो लॅबमध्येच नमुना देऊन. एकच रिपोर्ट धरून बसू नका, काही आठवड्यांनी दुसरी करा, कारण एकाच माणसाच्या दोन नमुन्यांत मोठा फरक येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतल्या खालच्या मर्यादा माहितीसाठी देते: प्रमाण १.४ मिलिलिटर, मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, हलणारे एकूण ४२ टक्के, एकूण शुक्राणूंतले पुढे सरकणारे ३० टक्के. या रेषेच्या जरा खाली आलं म्हणजे मूल होणार नाही असं नाही, आणि वर आलं म्हणजे होईलच असंही नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळी लवकर, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन. एचबीएवनसी नव्याने. तुमचीही तपासणी याच आठवड्यात सुरू होऊ दे: बीज नियमित सुटतंय का, थायरॉइड, गर्भनलिका मोकळ्या आहेत का. तुम्ही स्वतः सगळं त्यांच्या मधुमेहाच्या माथी मारलंय आणि सासूबाईंनी तुमच्या. दोन्हीला अजून पुरावा नाही.

मग थांबायचं किती? उंदरात शुक्राणू तयार व्हायला साधारण ५२ दिवस लागतात, माणसात अडीच महिन्यांच्या आसपास, वर एपिडिडिमिसमधून प्रवासाचे काही दिवस. आज शुगर आटोक्यात आणली तर तिच्या छायेत घडलेले शुक्राणू तीन महिन्यांनंतर बघायला मिळतील. सोयीची गोष्ट अशी की एचबीएवनसीही साधारण तेवढ्याच काळाचा हिशोब देतं. दोन्ही तपासण्या तीन महिन्यांनी एकाच दिवशी करा. एचबीएवनसी सातच्या खाली आणण्याचं ध्येय डॉक्टरांशी बोलून ठरवा. एवढा काळ प्रयत्न थांबवायची गरज नाही, ते चालू ठेवा.

आणि त्यांना काय सांगायचं? उंदरांचे फोटो दाखवू नका. चिरलेल्या वृषणाचा फोटो बघून कोणताही पुरुष गोळ्या वेळेवर घेत नाही, तो आणखी गप्प होतो. "मला काळजी वाटते, आपण दोघंही तपासून घेऊ, माझीही नावनोंदणी करते" एवढंच म्हणा. दोघांची अपॉइंटमेंट एकाच दिवशी घ्या. त्यांची शुगर तुम्ही बघता ते मायेने बघता हे मला कळतं, पण आता ग्लुकोमीटर त्यांच्या हातात द्या. स्वतः टोचायचं, स्वतः वहीत लिहायचं. आजार त्यांचा आहे आणि तीन वर्षं तो तुम्ही सांभाळताय, म्हणूनही गोळ्या सुटत असतील. बोटाचा तो थेंब तुमच्या डोळ्यांसमोर नसला तर तुमचंही मन त्या अ‍ॅनिमल हाऊसमधून जरा बाहेर येईल. सासूबाईंना मात्र मिस्टरांनीच सांगायला हवं की तपासणी दोघांची चाललीय. तुम्ही सांगितलंत तर ती सबब वाटेल, मुलाने सांगितलं तर माहिती वाटेल.

वीर्याचा रिपोर्ट शून्य शुक्राणूंचा आला, तर मधुमेहाला दोष देण्याआधी त्यांना एकच गोष्ट एकांतात, न रागावता विचारा: जिममध्ये इंजेक्शन किंवा पावडर आधीच सुरू केलीय का? उत्तर हो असेल तर त्याचं नाव आणि मात्रा लिहून घ्या आणि तो कागद घेऊन त्याच आठवड्यात यूरोलॉजिस्टकडे जा. नाही असेल, आणि वीर्याचं प्रमाणही १.४ मिलिलिटरच्या खाली असेल, तर लघवीची ती साधी तपासणी आधी करून घ्या.